नोकरीतील संवादकौशल्य : मोजमाप कोणत्या मापाने करावे?

(मंडळाच्या युवक-युवती नोकरी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. नोकरी देणाऱ्याला आपल्या बोलण्या-लिहिण्यातून नेमके काय हवे असते, आणि त्या मापात आपण कितपत बसतो, हे आपले आपणच कसे तपासावे, हा आजचा विषय आहे.

हा विषय आजच का घ्यावा लागला? आपल्या आजोबा-वडिलांची पिढी गिरणीत, रेल्वेत, गोदीत, टपाल खात्यात, नगरपालिकेत आणि महानगरपालिकेत राबली. त्यातले सरकारी दरवाजे राखीव जागांमुळे आणि परीक्षांमुळे आपल्यासाठी थोडेफार उघडले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू गिरण्यांचे भोंगेच थांबले. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. आज आपला मुलगा कंत्राटदाराकडे, कुरिअरच्या गोदामात, खाजगी बँकेच्या वसुली विभागात किंवा संगणकाच्या कंपनीत अर्ज करतो आणि आपली मुलगी खाजगी इस्पितळात किंवा कॉल सेंटरमध्ये. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. तिथे उत्तरपत्रिकाच बोलते. खाजगी क्षेत्रात मात्र मुलाखत हाच उंबरठा आहे, आणि त्या उंबरठ्यावर एक पाटी लावलेली असते : 'उत्तम संवादकौशल्य आवश्यक'.

ही पाटी वाचूनच आपली निम्मी मुले मागे फिरतात. 'आपलं इंग्रजी कच्चं, आपली भाषा गावठी, आपल्याला कोण घेणार?' असे म्हणतात. उरलेल्यांपैकी काही जण पदरमोड करून तीन महिन्यांचा 'स्पोकन इंग्लिश'चा क्लास लावतात, पाठ केलेली वीस वाक्ये म्हणून दाखवतात आणि पुन्हा नापास होतात. आमच्या मते या दोघांनीही पाटीचा अर्थ एकदा नीट समजून घेतला पाहिजे.

मित्रहो, 'संवादकौशल्य' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत. पहिली गोष्ट कामाची गरज. निरोप बरोबर पोचणे, वेळेवर पोचणे, ऐकलेली सूचना नीट समजणे, न समजल्यास विचारणे आणि बिघाड झाला तर तो लपवून न ठेवता वर कळवणे, या बाबी तिच्यात येतात. दुसरी गोष्ट ओळखीचा वास. उच्चार आपल्यासारखा आहे का, शाळा कुठली, वडील काय करतात, राहतो कुठे, हे सारे तिच्यात येते. पहिल्या गोष्टीशिवाय कोणतेही काम चालत नाही. दुसरीचा कामाशी संबंध फार थोडा, पण निवडीशी मात्र बराच असतो.

हा आमच्या मनाचा संशय नव्हे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातील जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना अनुकूल उत्तर मिळण्याची शक्यता कमी निघाली. इथे कोणी तोंडच उघडले नव्हते, मग संवादकौशल्य तपासले कुठून? त्याच वर्षी त्याच नियतकालिकात प्रा. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी झालेल्या मुलाखती मांडल्या. आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे हे व्यवस्थापक उमेदवाराच्या घरच्या पार्श्वभूमीला महत्त्व देतात, हे त्यांतून पुढे आले.

हे आम्ही तुम्हांला निराश करण्यासाठी सांगत नाही. नापास झालेल्या प्रत्येक मुलाने 'माझ्यातच खोट आहे' असे मानू नये, म्हणून सांगतो. त्याचबरोबर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. भेदभाव आहे म्हणून आपली तयारी तपासायची नाही, असे मानले तर नुकसान आपलेच होईल. म्हणून पहिल्या मापाने स्वतःला कठोरपणे मोजावे, दुसऱ्या मापाने स्वतःला कमी लेखू नये, आणि ही दोन मापे वेगळी ओळखायला शिकावे. आजच्या व्याख्यानाचे सार हेच आहे.

कामाचे माप म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. पहिले रेल्वेचे. या सभागृहात रेल्वेतून निवृत्त झालेले आपले अनेक ज्येष्ठ बसले आहेत, त्यांना 'प्रायव्हेट नंबर' म्हणजे काय ते विचारा. स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोनवर सांगतो की गाडी येते आहे, फाटक बंद कर. गेटमन नुसते 'हो साहेब' म्हणाला तर ते धरले जात नाही. तो फाटक बंद करतो आणि आपल्याजवळच्या तक्त्यातला एक आकडा सांगतो. स्टेशन मास्तर तो आकडा नोंदवतो. तो आकडा म्हणजे निरोप पोचल्याचा आणि काम झाल्याचा पुरावा. त्या गेटमनची बोली मालवणी आहे की वऱ्हाडी, याने काही अडत नाही.

दुसरे उदाहरण विमानाचे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. रेडिओवरच्या संदेशाचा दोन बाजूंनी दोन वेगळा अर्थ घेतला गेला, हे त्या अपघाताच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण होते. आज वैमानिक नियंत्रण कक्षाने दिलेली महत्त्वाची सूचना पुन्हा उच्चारून दाखवतो, आणि ती बरोबर आहे की नाही ते नियंत्रक ऐकून घेतो. आंतरराष्ट्रीय विमानोड्डाणासाठी वैमानिक व नियंत्रकांची भाषा मोजण्याचे सहा पायऱ्यांचे एक माप आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले असून ते मार्च २००८ पासून लागू झाले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि परस्पर प्रतिसाद अशा सहा अंगांनी परीक्षा होते आणि किमान चौथी पायरी लागते. आता लक्ष देऊन ऐका. या मापाच्या अगदी सर्वोच्च, म्हणजे सहाव्या पायरीवरसुद्धा बोलणाऱ्याच्या उच्चारात मातृभाषेची किंवा प्रदेशाची छटा असू शकते, हे मान्य केलेले आहे. अट एवढीच की ऐकणाऱ्याला समजण्यात तिचा अडथळा होऊ नये. जिथे शेकडो माणसांचे प्राण बोलण्यावर अवलंबून आहेत तिथे मातृभाषेची छटा चालते, मग दुकानाच्या काउंटरवर ती का चालू नये?

आणि बंधू-भगिनींनो, हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. दोन भाऊ, जन्माने ब्राह्मण, संघात भिक्खू झालेले. निरनिराळ्या कुळांतून आणि प्रदेशांतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून ते बिघडवतात, अशी तक्रार त्यांनी केली आणि ते छंदोबद्ध करण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुज्ञा दिली. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात एका साध्या भांड्याचा दाखला आहे. एकाच भांड्याला एका प्रदेशात 'पाति' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', आणखी कुठे 'सराव'. माझाच शब्द खरा असा हट्ट धरू नये, जिथे जो शब्द लोकांना कळतो तिथे तो वापरावा, अशी शिकवण तिथे आहे. म्हणून आपल्या बोलीची लाज धरू नये, आणि ऐकणाऱ्याची भाषा शिकण्याचा कंटाळाही करू नये.

बाबासाहेबांनी हेच करून दाखवले. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती इंग्रजीत, कारण ऐकणारे राज्यकर्ते होते. एका वर्षाने, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत, कारण आता वाचणारा आपला माणूस होता. तेव्हा इंग्रजी शिकाच, हे आम्ही ठासून सांगतो. पण ती कामाचे हत्यार म्हणून शिका. इंग्रजी येणे हाच माणसाचा दर्जा, असे समजून तिच्या मागे धावू नका.

आता प्रत्यक्ष मोजमाप. अंगुत्तर निकायात उत्तम वाणीची पाच लक्षणे दिली आहेत : ती योग्य वेळी बोललेली असते, सत्य असते, मृदू असते, हितकर असते आणि मैत्रीच्या चित्ताने बोललेली असते. नोकरी देणाऱ्यांच्या अपेक्षा या पाच लक्षणांशेजारी ठेवून पाहिल्या, तर त्या बहुतेक साऱ्या यांतच बसतात.

पहिले, वेळ. बातमी कामाची असेल तेव्हाच आपण ती सांगतो का? गाडी बंद पडली, माल कमी आला, उद्या येता येणार नाही, हे आधी कळले तर मालक पर्यायी व्यवस्था करू शकतो. नंतर कळले तर ती फक्त सबब ठरते. आपल्या समाजातल्या मुलांचे इथे फार नुकसान होते, आणि त्याचे कारण आळस नव्हे. वरिष्ठापुढे तोंड उघडले की अंगावर येते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आपल्या हाडांत मुरला आहे. ती भीती खरी होती. तरीही वाईट बातमी लवकर आणि शांतपणे सांगणारा माणूस चांगल्या वरिष्ठाला भरवशाचा वाटतो, हे ध्यानात ठेवा.

दुसरे, सत्य. 'झालं' आणि 'होत आलं' यांत फरक आहे. पन्नास खोक्यांपैकी सत्तेचाळीस मोजली असतील तर सत्तेचाळीसच सांगावीत. न समजलेल्या सूचनेला 'हो सर' म्हणणे हेसुद्धा असत्यच आहे. त्याऐवजी गेटमनसारखे करा : 'म्हणजे आधी जुना माल काढायचा आणि संध्याकाळी पाचपर्यंत यादी द्यायची, बरोबर ना?' असे एक वाक्य उलट बोलून दाखवा. याने तुमचा अडाणीपणा दिसत नाही, जबाबदारी दिसते.

तिसरे, मृदुता. चिडलेल्या ग्राहकाशी आपण कसे बोलतो ते तर पाहावेच. पण आपल्याहून खालच्या पदावरच्या माणसाशी, झाडूवाल्या मावशींशी, नव्या पोराशी कसे बोलतो, ते आधी पाहावे. मात्र मृदू वाणी म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. जातीवरून कोणी अपमान केला तर तो संवादकौशल्याचा प्रश्न राहत नाही. तिथे तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे.

चौथे, हितकारकता. ऐकणाऱ्याला उपयोग होईल एवढेच आणि अशाच क्रमाने सांगणे. इस्पितळात काम करणाऱ्या आपल्या भगिनींना एक पद्धत ठाऊक असेल. मूळ अमेरिकेच्या नौदलातून आलेली ही पद्धत आज अनेक इस्पितळांत वापरतात. डॉक्टरला फोन करताना चार गोष्टी ओळीने सांगायच्या : आत्ता काय झाले आहे, आधी काय होते, मला काय वाटते आणि आपल्याकडून काय हवे आहे. अर्ज, ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप, मुलाखतीतले उत्तर, सगळीकडे ही चौकट चालते.

पाचवे, मैत्रीचे चित्त. सहकाऱ्याची चूक चारचौघांत सांगतो की बाजूला घेऊन? दुसऱ्याने केलेल्या कामाचे नाव त्यालाच देतो का? चहाच्या टपरीवरच्या कुजबुजीत आपला वाटा किती? कंपन्या ज्याला 'टीमवर्क' म्हणतात ते याहून फारसे वेगळे नाही.

आता वहीत एक तक्ता आखा. ज्या नोकरीसाठी अर्ज करणार असाल तिची जाहिरात घ्या. 'उत्तम संवादकौशल्य' एवढ्यावर थांबू नका. या कामात कोणाशी बोलावे लागेल, कोणत्या भाषेत, फोनवर की समोरासमोर, आणि लिहावे काय लागेल, ते त्याच कामावर असलेल्या एखाद्या माणसाला विचारून लिहा. हा पहिला रकाना. दुसऱ्या रकान्यात त्यातल्या प्रत्येक बाबीसाठी गेल्या तीन महिन्यांतला तुमचा एक प्रत्यक्ष प्रसंग लिहा. तिसऱ्या रकान्यात गुण द्या : कधीच केले नाही तर शून्य, कोणाच्या मदतीने केले तर एक, स्वतः केले तर दोन, दुसऱ्याला शिकवू शकतो तर तीन. प्रसंग आठवत नसेल तर गुण नाही. हा नियम कडक आहे, पण त्यामुळे फुशारकीही गळून पडते आणि न्यूनगंडही.

हाच तक्ता दोन माणसांकडून वेगळा भरून घ्या, एक वयाने मोठे आणि एक बरोबरीचे. मोबाईलवर स्वतःचे दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. एक पानभर मजकूर लिहा आणि तो विषय मुळीच माहीत नसलेल्या शेजाऱ्याला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. जिथे शून्य किंवा एक आहे, त्यांतल्या दोनच गोष्टी निवडा आणि महिनाभर त्यांवरच मेहनत घ्या. सगळे एकदम सुधारायला गेलात तर काहीच सुधारणार नाही.

काही जण म्हणतील, 'आम्ही अजून नोकरीच केली नाही, प्रसंग आणायचा कुठून?' मित्रहो, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज कोणी लिहिला? वर्गणी गोळा करून पैशापैशाचा हिशोब सभेपुढे कोणी ठेवला? मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त कोण लिहितो? वर्षावासात विहारात सर्वांसमोर ग्रंथवाचन कोण करते? आजीला सरकारी इस्पितळात नेऊन डॉक्टरचे म्हणणे तिला तिच्या भाषेत समजावून कोणी सांगितले? हे सारे संवादकौशल्य आहे. ते कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्राहून कमी नाही. मुलाखतीत ते सांगा, पण भाषणासारखे सांगू नका. काय अडचण होती, तुम्ही काय केले, काय निष्पन्न झाले, एवढे चार वाक्यांत सांगा.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही आमची एक नम्र सूचना आहे. विहारात महिन्यातून एक रविवार नोकरीच्या मुलाखतीच्या सरावासाठी राखून ठेवावा. आपल्यातले निवृत्त कर्मचारी, परिचारिका, शिक्षक, बँकेतले बांधव यांनी समोर बसून प्रश्न विचारावेत आणि सांगताना दोन रकाने वेगळे ठेवावेत : हे कामासाठी सुधारावे लागेल, आणि हे केवळ साहेबाच्या सवयीचे आहे, माहीत असू दे. ज्यांच्या हाती आज माणसे निवडण्याचा अधिकार आला आहे, अशा आपल्या बांधवांनी उमेदवाराच्या उच्चाराला गुण देण्याआधी त्याला कामातलाच एखादा निरोप सांगून तो पुन्हा सांगायला लावावा. ती परीक्षा अधिक न्याय्य आहे आणि मालकाच्या फायद्याचीही आहे.

ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्याच्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते, हे विसरू नका. त्या पाक्षिकाला शंभर वर्षे उलटून गेली. आता कोणी दारावर पाटी लावून आपल्याला पुन्हा मुके करू पाहत असेल, तर आपण आपली तयारी पुराव्यासह हातात घेऊन आत जायचे आहे. आज घरी गेल्यावर तो तक्ता भरा आणि पुढच्या सभेला येताना सोबत आणा.



नमो बुद्धाय! जयभीम!